पीआरच्या आधीचा कागद

कॅनडात, मिसिसागातल्या एका परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारांच्या ऑफिसात मी केस असिस्टंट आहे. सही त्यांची, नियमाचा अर्थ लावायचा शेवटचा अधिकारही त्यांचा. कागद गोळा करणं, फॉर्म भरणं, तारखा सांभाळणं आणि फोन घेणं हे माझं. नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपच्या फायली बहुतेक माझ्याच टेबलावर येतात. पंजाबी, फिलिपिनो, नायजेरियन कुटुंबं असतात, तशी नाशिक, सांगली, मडगावकडचीही असतात. आपलं माणूस निघालं की ‘मॅडम’ची ‘ताई’ व्हायला वेळ लागत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, या लोकांचा सगळा जीव पीआरमध्ये, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवानगीत, अडकलेला असणार. फोन घेणारीचा अनुभव निराळा आहे. पीआर कधी, हे पहिल्या भेटीत विचारून होतं. वर्ष लागेल, कदाचित दोन, असं सांगितलं की चेहरे जरा उतरतात, पण माणसं ते पचवतात. लग्न जमवण्यापासून व्हिसापर्यंत त्यांनी एवढी वाट पाहिलेली असते की आणखी थोडी पाहायला ती तयार असतात. त्यानंतर दर आठवड्याला जो फोन येतो तो दुसऱ्याच कागदासाठी असतो : ‘ताई, वर्क परमिटचं काही कळलं का हो?’ वाट पाहायला कुणाची ना नसते. रिकाम्या हाताने पाहायला असते.

मी या कामाला लागले तेव्हा या फोनला द्यायला चांगलं उत्तर नव्हतं. कॅनडात राहूनच अर्ज करणाऱ्या जोडीदाराला आमच्याकडे ‘इनलँड’ म्हणतात. त्याच्या फायलीचा पहिला टप्पा पार पडेपर्यंत, म्हणजे नातं खरं आहे आणि हा माणूस या वर्गात बसतो हे अधिकाऱ्याने मान्य करेपर्यंत, ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, मिळत नसे. त्या टप्प्यालाच वर्ष उलटून जायचं. साताऱ्याच्या एका सहकारी बँकेत कॅशियर असलेली एक मुलगी तेव्हा ब्रॅम्प्टनमध्ये तळघरातल्या भाड्याच्या घरात राहत होती. नवरा सज्जन होता, घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. ती मला म्हणाली, ‘ताई, दिवसभर मी दुसऱ्यांच्या नोटा मोजायचे. आता कॉफी प्यायची म्हटलं तरी ह्यांच्याकडे कार्ड मागते. ते देतात हो, पण मागावं लागतं ना.’

२२ डिसेंबर २०१४ पासून हे बदललं. स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू असतानाच, पहिला टप्पा पार होण्याची वाट न पाहता, इनलँड जोडीदाराला ओपन वर्क परमिट देण्याची प्रायोगिक योजना सरकारने आणली. आधी ती एका वर्षापुरती होती. मग मुदत संपत आली की वाढ, पुन्हा वाढ, असं होत राहिलं. डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसात दरवर्षी तीच धाकधूक : यंदा वाढवतात की नाही? आज ती सोय इतकी अंगवळणी पडली आहे की नव्याने येणाऱ्या जोडप्यांना ती पहिल्यापासून होती असंच वाटतं. मे २०२३ मध्ये तेव्हाचे मंत्री शॉन फ्रेझर यांनी तिची कक्षा आणखी वाढवली. अर्ज ‘आउटलँड’ म्हणजे फॅमिली क्लासमधून केला असला, तरी जोडीदार कॅनडात स्पॉन्सरबरोबर राहत असेल तर तोही ओपन वर्क परमिट मागू शकतो.

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याआधी जोडप्यांना अवघड निवड करावी लागे. इनलँड अर्ज नामंजूर झाला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येत नाही. आउटलँडला तो हक्क आहे. इनलँड अर्ज चालू असताना भारतात गेलं आणि परत शिरताना अडवलं, तर अर्जच धोक्यात येतो. म्हणजे तिकडे आई आजारी पडली तरी विमानात बसताना दहादा विचार करायचा. एवढं असूनही बरीच जोडपी इनलँडच निवडायची, कारण काम करायची परवानगी त्याच वाटेने मिळत होती. पोटासाठी अपिलाचा हक्क सोडून देत होती. २०२३ नंतर ती ओढाताण बरीच कमी झाली.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. पूर्वी सगळं कागदावर होतं. स्पॉन्सरशिपचा गठ्ठा, त्यातच वर्क परमिटचा फॉर्म, दोन्हींच्या फीच्या पावत्या, सगळं एका जाड पाकिटात घालून कुरियर करायचं. सप्टेंबर २०२२ पासून पीआरचा अर्ज ऑनलाइन पोर्टलवर गेला आणि एका पाकिटाच्या दोन वाटा झाल्या. आधी पीआरचा अर्ज. मग एओआर, म्हणजे अर्ज पोचल्याचं पत्र. ते हाती आलं की दुसऱ्या खात्यातून वर्क परमिटचा अर्ज. फी १५५ डॉलर, ओपन परमिटचे वर १०० डॉलर, आणि बोटांचे ठसे आधी दिलेले नसतील तर त्याचे ८५. एका जोडप्याचे दोन क्रमांक होतात : एफने सुरू होणारा स्पॉन्सरशिपचा आणि डब्ल्यूने सुरू होणारा वर्क परमिटचा. माझ्या वहीत दोन्ही वेगळ्या शाईने लिहिलेले असतात, कारण लोक फोनवर हमखास दुसराच वाचून दाखवतात.

या सगळ्यात माझं लक्ष एकाच तारखेवर असतं : जोडीदाराचं सध्याचं स्टेटस संपतंय कधी. व्हिजिटर असो, स्टुडंट असो, मुदत संपायच्या आत पुढचा अर्ज गेला की निर्णय होईपर्यंत माणूस कायद्याने इथेच असतो. हातात आधीच वर्क परमिट असेल तर त्याच अटींवर कामही चालू ठेवता येतं. तारीख उलटली तर नव्वद दिवसांत स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत काम बंद. दुसरी गोष्ट पत्त्याची. स्पॉन्सर आणि जोडीदार एकाच पत्त्यावर राहत असले पाहिजेत. एकाची नोकरी अल्बर्टात आणि दुसरा मावशीकडे ब्रॅम्प्टनला, अशी जोडपी येतात तेव्हा फॉर्म उघडण्याआधी घराचं बोलणं करावं लागतं.

परमिट आलं म्हणजे झालं असंही नसतं. ते नीट वाचावं लागतं. कोल्हापूरला बालवाडीत शिकवणारी एक बाई अर्ज स्वतःच भरून, परमिट हातात घेऊन आमच्याकडे आली. घराजवळच्या डे-केअरमध्ये मदतनीस म्हणून तिला घ्यायला तयार होते. कागदावर खाली शेऱ्यांच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की लहान मुलांची देखभाल, शाळेतलं शिकवणं आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत काम करता येणार नाही. नाव ओपन परमिट, आणि तिला येत असलेलं नेमकं तेच काम बंद! कारण साधं आहे : वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर ही अट पडते. मग सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी, अटी बदलण्यासाठी नवा अर्ज, पुन्हा फी आणि पुन्हा वाट. डे-केअरवाले काही थांबले नाहीत. आमच्याकडे पहिल्या भेटीत आम्ही विचारतोच, ‘परमिट आल्यावर काय काम करणार?’ बऱ्याच जणींना हा प्रश्न चोंबडेपणाचा वाटतो. का विचारते ते सांगितलं की मग मोकळेपणाने बोलतात.

या नोकरीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पुराव्यांनी. लग्न खरं आहे हे दाखवायचं असतं. कसे भेटलात, लग्नाला कोण होतं, घरच्यांची भेट कधी झाली, असे प्रश्न फॉर्ममध्ये असतात. फोटो जास्तीत जास्त वीस. त्यात अंतरपाट धरलेला फोटो लावायचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यात नेमके नवरा-नवरीच एकमेकांना दिसत नसतात. मी म्हणते, हार घातल्यानंतरचा द्या, मागे दोन्हीकडची माणसं येतील असा. पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव मधे घालून सासरचं, आधारवर तिसरंच. ही दोन-तीन नावं एकाच बाईची आहेत याचं प्रतिज्ञापत्र करून घेते. इथपर्यंत सगळं सोपं असतं.

अवघड भाग पुढे येतो. एकत्र संसाराचे कागद हवे असतात : घरभाड्याचा करार, बँकेचं जोडखातं, विजेचं बिल, विम्यातला वारस, दोघांच्या नावाचा फोन प्लॅन. आता गंमत बघा. संसार कागदावर उमटतो तो पैशाच्या वाटेने, आणि एका जोडीदाराला पैसे कमवायची परवानगीच नसते. घरमालक करारावर कमावत्याचंच नाव घालतो. वीज, इंटरनेट, गाडीचा विमा, सगळं त्याच्या नावावर. बायको सकाळपासून रात्रीपर्यंत त्या घरात राबते, आणि ती तिथे राहते हे सांगणारा एक कागद मिळायला मला घाम फुटतो. लायब्ररी कार्डसुद्धा मी जोडलेलं आहे.

परमिट आलं की चित्र बदलतं. सर्व्हिस कॅनडाकडून सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा क्रमांक, मिळतो. तात्पुरत्या रहिवाशाचा म्हणून तो नऊने सुरू होतो आणि परमिटबरोबरच संपतो. तरी तो तिचा असतो. मग पगाराची पावती, स्वतःचं खातं, वर्षाअखेर टॅक्सचे कागद. मधेच अधिकाऱ्याने ताजे पुरावे मागितले, तर तीच फाइल आता चांगली भरलेली असते. ज्या परमिटची गणना ‘दरम्यानची सोय’ म्हणून होते, त्याच्यामुळेच मूळ अर्ज मजबूत होताना मी वारंवार पाहिलं आहे. दोघं मिळून संसार करतात हे सिद्ध करा म्हणायचं, तर दोघांनाही त्यात काही घालता यायला हवं.

वाट पाहणारी नेहमी बायकोच असते असं नाही. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली पुण्याची मुलगी नवऱ्याला घेऊन आली. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर होता. त्याने आपल्या अर्जाची एक्सेल शीट बनवली होती : टप्पा, तारीख, अपेक्षित तारीख, फरक. फरकाचा रकाना लाल होत गेला तसतसे त्याचे ईमेल लांब होत गेले. एकदा तो एकटाच आला आणि म्हणाला, ‘सासूबाईंचा रोज फोन असतो. हिच्याशी बोलून झालं की विचारतात, जावई सध्या काय करतात? ही सांगते, अर्ज चालू आहे. मी स्वयंपाक करतो, कपडे धुतो, हिला नाइट शिफ्टला सोडतो. पण ते सांगत नाही.’ त्याच्या जागी सून असती तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. परमिट आल्यावर पहिलं काम मिळालं ते गोदामात खोकी उचलायचं. कामाचा हक्क परमिटने मिळतो, पूर्वीचा हुद्दा मिळत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. त्यातल्या त्यात एक बरं झालं. प्रोफेशनल इंजिनियर्स ओंटारिओ या संस्थेने मे २०२३ मध्ये परवान्यासाठीची कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. तो आता त्या अर्जाच्या मागे आहे आणि त्याची शीट नव्याने सुरू झाली आहे. त्या परमिटबद्दल त्याचंच एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं : ‘ताई, हे आरएसी तिकीट आहे. बर्थ नाही मिळाला, पण गाडीत बसलो.’

आता जरा अवघड विषयाकडे येते. स्पॉन्सर करणारा तीन वर्षांची हमी देतो : जोडीदाराच्या मूलभूत गरजा मी भागवीन, आणि तिने सरकारी मदत घेतली तर ते पैसे मी फेडीन. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नसते, पण ही हमी असते. तिचा हेतू चांगला आहे. पण काही घरांत तिचा उच्चार धमकीसारखा होतो : मी आणलं आहे, मी परतही पाठवू शकतो. पीआर मिळेपर्यंत स्पॉन्सरला अर्ज मागे घेता येतो हे खरं असल्यामुळे त्या वाक्यात जोर असतो. २०१२ ते २०१७ या काळात तर अनेक नव्या जोडप्यांना पीआर मिळाल्यावरही दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. अत्याचार सोसणाऱ्यांसाठी अपवाद होता, पण तो माहीत असणाऱ्या बायका थोड्या आणि तो मागायचं धाडस असणाऱ्या त्याहून थोड्या. ती अट काढून टाकली ते फार चांगलं झालं.

एक बाई दुपारी, नवऱ्याच्या कामाच्या वेळेत आली. तिचं परमिट महिन्याभरापूर्वी मंजूर झालं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. खातं नवऱ्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, आणि पोस्टाच्या सामायिक पेटीची किल्लीही त्याच्याकडे. तिच्या अर्जाची माहिती मागणाऱ्या एका साध्या विनंतीने सगळं बाहेर आलं. त्या दिवशी आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तिच्या नावाने दिलेलं परमिट तिचं आहे आणि त्याची प्रत तिच्याजवळ असायला हवी. दुसरी, घरात हिंसा होत असेल तर जुलै २०१९ पासून अशा जोडीदारांसाठी वेगळं तात्पुरतं रहिवासी परमिट आहे. पहिल्यांदा त्याला फी नाही, त्याबरोबर काम करायची परवानगी आणि तात्पुरतं आरोग्य संरक्षणही मिळू शकतं. तिने लगेच काही ठरवलं नाही. पण जाताना मोबाइलमध्ये स्वतःचा ईमेल उघडून गेली. तेव्हापासून आमच्या ऑफिसात एक नियम आहे : जोडप्याची फाइल एक, ईमेल दोन. एखादा नवरा म्हणतो, ‘अहो, माझाच द्या, ती कुठे बघतेय?’ मी हसून तिच्याकडे कीबोर्ड सरकवते.

गोंधळ वाढवणाऱ्या बातम्याही खूप येतात. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या आणि परदेशी कामगारांच्या जोडीदारांची ओपन परमिटं आवळली गेली. सोळा महिने किंवा त्याहून मोठी मास्टर्स पदवी, पीएचडी किंवा निवडक व्यावसायिक अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याच्याच जोडीदाराला परमिट. कामगारांच्या बाबतीत वरच्या श्रेणीतले आणि ठरावीक व्यवसाय, शिवाय परमिटची किमान सोळा महिने मुदत शिल्लक. दुसऱ्याच दिवशी जळगावहून एका वडिलांचा फोन : ‘ताई, जावयाचं परमिट रद्द होणार का?’ जावयाला त्यांच्या पीआर मुलीने स्पॉन्सर केलेलं होतं. त्याची वाट वेगळी, नियम वेगळे. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये सीमेवर जाऊन हातोहात परमिट काढायची सोयही बंद झाली होती. पूर्वी लोक नायगाराजवळचा पूल ओलांडून अमेरिकेच्या दारापर्यंत जायचे, वळून कॅनडाच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे आणि संध्याकाळी परमिट घेऊन घरी. ‘सगळे म्हणतात बॉर्डरवर जा’ असं सांगत लोक अजून येतात. जुनी माहिती फार चिवट असते.

इतक्या फायली हाताखालून गेल्यावर माझं एक मत झालं आहे. या सोयीकडे सरकार दया म्हणून बघतं आणि जोडपी नशीब म्हणून. मला ती निव्वळ व्यवहाराची गोष्ट वाटते. जो माणूस कायद्याने इथे राहतोय, ज्याच्या जोडीदाराने तीन वर्षांची लेखी हमी दिली आहे आणि ज्याला शेवटी इथेच राहायचं आहे, त्याला वर्षभर बसवून ठेवण्यात फायदा कोणाचा? तो टॅक्स भरत नाही, भाषा सरावत नाही, हातातलं कसब गंजत जातं. बरं, हमीचा बोजाही एकाच पगारावर पडतो. २०१४ च्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष कॅलेंडरवर सारखंच असतं. घरात ते सारखं नसतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

धोरण ठरवताना माझ्यासारखीला कोणी विचारत नाही. विचारलंच, तर मागणी छोटी आहे. स्पॉन्सरशिपच्या अर्जातच एक चौकोन ठेवा : जोडीदाराला वर्क परमिट हवं आहे का? हो म्हटलं की त्याच अर्जातून परमिटची प्रक्रिया सुरू व्हावी. पत्राची वाट, दुसरं खातं, दुसरा क्रमांक काही नको. वैद्यकीय तपासणीची सूचना सुरुवातीलाच द्या, म्हणजे एखाद्या नर्सला किंवा बालवाडीच्या बाईला सहा महिन्यांनी शेरा वाचून धक्का बसणार नाही. आणि परमिट ज्याच्या नावाचं, त्याच्याच ईमेलवर पाठवा. यासाठी नवा कायदा करावा लागेल असं मला वाटत नाही. कागद एका पाकिटात घालण्याची पद्धत तर आमच्याकडे आधी होतीच.